आधी काच, मग कागद

आमच्या लॅबमध्ये एकाहून एक यंत्रं होती, पण गजभिये मॅडमचा सगळा जीव संत्रा बर्फीच्या खोक्याच्या एका झाकणात. हसू नका. नारंगी पुठ्ठ्याचं, कडा मऊ पडलेलं, एका कोपऱ्यात चहाचा डाग. भावाने कधीतरी नागपूरहून आणलेल्या बर्फीचं. बर्फी आठवड्यात संपली असणार, झाकण मात्र मी नोकरीला लागले तेव्हाच बारा वर्षांचं होतं, आणि ते जागचं हलवायची आमच्या डायरेक्टरचीही टाप नव्हती. आता ते माझ्या टेबलावर असतं. परवा नव्याने आलेल्या डॉक्टरणीने विचारलं, "शोभा, हे फेकून द्यायचं का?" तेव्हा मी असं काही बघितलं तिच्याकडे की बिचारी सॉरी म्हणाली. मग म्हटलं, सांगावं एकदा नीट.

मिनेसोटातल्या जनावरांच्या एका मोठ्या हॉस्पिटलला जोडून आमची लॅब आहे. मी तिथे टेक्निशियन. ऑपरेशनमधून आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा, हे माझं काम. ती काच मायक्रोस्कोपखाली बघून रोगाचं नाव सांगायचं काम डॉ. वत्सला गजभिये यांचं. कुत्र्यांच्या मेंदूतल्या गाठी हा त्यांचा प्रांत. त्यातही ज्या गाठी इतरांना उभ्या नोकरीत एकदाही दिसत नाहीत, त्या. लांबलांबच्या राज्यांतून डबे यायचे आणि वर चिठ्ठी असायची की डॉ. गजभिये यांनीच बघावं.

पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. मी सांगलीची, मला गप्प बसवत नाही. काच त्यांच्यापुढे ठेवली आणि सोबतचा फॉर्म मोठ्याने वाचायला लागले. लॅब्रडॉर, वय वर्षं नऊ, फिट्स येतात, सर्जनना वाटतंय की...

"काहून वाचून राहिली तू?" मॅडम कडाडल्या. पाच फुटांनाही कमी भरणारी बाई, पण आवाज असा की माझ्या हातातला फॉर्म गळून पडला. "पालथा ठेव तो कागद. त्यावर ते झाकण ठेव. आधी काच, मग कागद. जमत नसेल तर उद्यापासून दुसरीकडे बस."

घरी येऊन मी नवऱ्यासमोर रडले. म्हटलं, इतक्या लांब येऊन मराठी बॉस मिळाली तर तीही अशी! पण आठवड्याभरात लक्षात आलं की हा खाक्या माझ्यापुरता नव्हता. फॉर्मवर सगळं असतं. जात कोणती (कुत्र्याची हो), वय किती, एमआरआयमध्ये काय दिसलं, पाठवणाऱ्या डॉक्टरला काय वाटतं. मॅडम त्यातलं अक्षरही आधी वाचायच्या नाहीत. काच बघायच्या, पेन्सिलने चिठ्ठीवर आपलं मत लिहायच्या, खाली वेळ टाकायच्या. मग झाकण उचलायच्या. फॉर्म आणि चिठ्ठी जुळली नाही तर पुन्हा काच बघायच्या, पण चिठ्ठी फाडायच्या नाहीत. आणि सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, मला विचारायच्या, "नाव काय होतं त्याचं?"

मी सांगायची, मॅगी. किंवा सॅम. त्या ते नाव एकदा हळू आवाजात स्वतःशी म्हणायच्या आणि थर्मासमधला कोरा चहा ओतायला उठायच्या. बिनसाखरेचा, काळाकुट्ट. एकदा मी चाखला आणि दिवसभर तोंड वाकडं करून फिरले.

एवढं कुत्र्यांचं करणारी ही बाई जिवंत कुत्र्याला भयंकर घाबरायची. लहानपणी कधीतरी पोटरीला चावलं होतं. हॉस्पिटलच्या बाजूने आत यायचं टाळायच्या, थंडीत सगळ्या इमारतीला वळसा घालून मागच्या दाराने यायच्या. लिफ्टमध्ये एकदा एक म्हातारा पग शिरला तर मॅडम भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभ्या. मी म्हटलं, "अहो मॅडम, पग आहे, दात तरी आहेत का त्याला!" तर म्हणाल्या, "मला त्यांचं आतलं समजते. बाहेरचं नाही समजत न." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर खदखदून हसले आणि त्याही हसल्या.

त्यांच्या खणात एक वही होती. साधी, रेघांची. महत्त्वाची काच बघायच्या आधी ती उघडून दोन मिनिटं वाचत बसायच्या. मला वाटायचं, काही प्रार्थना वगैरे असेल. विचारायची सोय नव्हती. एक दिवस त्यांनीच पुढ्यात सरकवली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'पेनी. बीगल. सहा वर्षं. फॉर्म आधी वाचला.' बस्स.

त्या सांगायला लागल्या तेव्हा आवाज सपाट होता. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. मोठ्या नावाजलेल्या सर्जनने फॉर्मवर लिहिलं होतं की गाठच आहे, शंका नाही. मॅडमनी ते वाचलं, मग काच बघितली, आणि त्यांना गाठच दिसली. पेनीला त्याच दिवशी इंजेक्शन देऊन झोपवलं. नंतर सबंध मेंदू तपासणीला आला. गाठ नव्हतीच. सूज होती. औषधांनी कदाचित उतरली असती.

"मी काच पाहिलीच नाही, शोभा. मी त्या सर्जनचं अक्षर पाहिलं," त्या म्हणाल्या.

वहीत अशी अकरा पानं भरली होती. अकरा नावं, अकरा चुका. प्रत्येकीखाली एक ओळ, आणि कुठेही सबब नाही. मी वही मिटून परत दिली आणि कामाला लागले.

फॉर्म पालथा ठेवण्यामागे अजून एक गोष्ट होती, ती मला गणपतीत कळली. ईडन प्रेरी या उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी मॅडमना अक्षरशः ओढून नेलं. त्या नको नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, पोरं इंग्रजीत ओरडत धावतायत, आम्ही ताटं घेऊन एका टेबलावर बसलो. समोर केतकर काका. आमच्या मंडळाचे भीष्म म्हणा. पन्नासएक वर्षांपूर्वी इथे आलेले, मोठे रेडिओलॉजिस्ट, आता रिटायर्ड. माणसांच्या मेंदूचे एमआरआय वाचण्यात आयुष्य गेलेलं. शेजारी त्यांच्या पत्नी नलिनीकाकू, गोड बाई. मी मोठ्या अभिमानाने मॅडमची ओळख करून दिली.

"गजभिये म्हणजे नागपूरकडचे?" काका हसत म्हणाले. "व्हेटरनरी काय? हां, बरोबर आहे. तेव्हा तुमच्या लोकांना तिकडे सीट लगेच मिळायची."

टेबलावर दोघंतिघं हसले. मॅडमनी चमचा ताटात ठेवला. "सीट लगेच मिळाली," त्या म्हणाल्या. "पास व्हायला मात्र मार्कच लागले." आणि उठून कोट घालायला लागल्या.

गाडीत त्यांनी आधी सीटबेल्ट लावला. मग सांगितलं. कॉलेजात तोंडी परीक्षा होती. परीक्षकाने नाव विचारलं, यांनी सांगितलं. पहिला प्रश्न विचारायच्या आधीच त्या माणसाने मार्क लिहिले आणि पेन खाली ठेवलं. "आडनाव ऐकलं आणि माझा पेपर तपासून झाला होता त्याचा. मग तो वीस मिनिटं प्रश्न विचारत होता आणि मी बरोबर उत्तरं देत होती. काहून ते विचारू नको." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी कुत्र्याचंही आडनाव आधी वाचत नाही."

मला लाज वाटली, आणि ती केतकर काकांची नव्हे, माझी. कारण टेबलावर हसणाऱ्या त्या दोघातिघांत मी होते. सवयीने, काकांच्या विनोदाला हसतात तसं. मॅडमनी ते बघितलं होतं की नाही, मी आजतागायत विचारलेलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी नलिनीकाकू गेल्या. मेंदूत गाठ, ग्लिओमा, सगळ्यात वाईट जातीचा. काकांनी बायकोचा एमआरआय स्वतः वाचला आणि स्वतःच तिला सांगितलं. नंतर चौदा महिने ऑपरेशन, रेडिएशन, पुन्हा ऑपरेशन. डॉक्टर दर वेळी थोडी आशा दाखवायचे आणि काकू दर वेळी थोड्या कमी व्हायच्या. शेवटी बोलताही येत नव्हतं त्यांना. मागे राहिले काका आणि काकूंचा बॉक्सर कुत्रा बंडू. नावाप्रमाणेच बंड. मंडळाच्या पिकनिकला माझी अख्खी कोथिंबीरवडी एकट्याने खाल्लेली त्याने.

आणि जानेवारीतल्या एका बुधवारी आमच्या काउंटरवर एक छोटी डबी आली. फॉर्मवर नाव वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, हा तर केतकर काकांचा बंडू!"

मॅडम माझ्या मागेच उभ्या होत्या.

तेवढ्यावर थांबावं की नाही? पण माझी जीभ! मी सगळंच ओकले. की बंडूला महिन्यापासून फिट्स येतायत, एमआरआय काकांनी स्वतः बघितलाय आणि नलिनीला होता तोच ग्लिओमा आहे म्हणून सांगितलंय. की जनावराचे हाल नकोत म्हणून शुक्रवारी दुपारी चारला घरी डॉक्टर येणार आहे, झोपवायला. आमच्या हॉस्पिटलच्या न्यूरॉलॉजिस्टने, एरिकने, हातापाया पडून सुईने एवढा तुकडा काढायची परवानगी घेतली होती. काका म्हणाले होते, शुक्रवारी चारच्या आत काय ते सांगा, नंतर मला सांगू नका. बॉक्सर कुत्र्यांमध्ये ग्लिओमा जास्त होतो, हे तर मलाही माहीत होतं.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

"संपलं," त्या म्हणाल्या. "आता मला बॉक्सर दिसन. त्याचा मालक दिसन. त्या मालकाचं बोलणंही ऐकू येईन." त्या खुर्चीत बसल्या. "शोभा, मला त्या माणसाला खोटं पाडायचं आहे. समजून राहिलं का तुला? मला मनातून पाहिजे की त्याचं चुकलेलं असावं. अशा डोळ्यांनी मी काच काय पाहू?"

"मग दुसऱ्या कुणाला देऊ या?"

"दोन दिवसांत कोण पाहील? अन् मेंदूची नसती, साधी कातडीवरची गाठ असती तर दिली असती." बराच वेळ त्या झाकणाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाकण नाही पुरणार. आठ काचा कर."

बेत असा होता. गोडाउनमधून सुईने काढलेल्या जुन्या तुकड्यांचे सात ठोकळे मी निवडायचे. त्यात बॉक्सरही असावेत, दुसऱ्या जातीही, ग्लिओमाही, सूजही, आणखी काहीबाही. जुन्या काचा चालणार नाहीत, त्या फिक्या पडतात, लगेच ओळखू येतात. सगळे नव्याने कापायचे, बंडूबरोबर एकाच पाण्यात रंगवायचे, आणि वर नुसते आकडे टाकायचे, एक ते आठ. कुठला आकडा कुणाचा, ते फक्त मला माहीत. या बाईने स्वतःपासून लपवायला मला पहारेकरी केलं, आणि तेही घोळ मी घातलेला असताना!

शुक्रवारी सकाळी सहाला मी यंत्रापुढे बसले. बंडूचा तुकडा म्हणजे शेवईचे तीन बारीक तुकडे. जास्त कापला तर संपला, आणि दुसरा मिळणार नव्हता. मॅडमचा अजून एक नेम होता, मेंदूचा तुकडा कापला की दोन काचा कोऱ्या ठेवायच्या, न रंगवता. मी श्वास रोखून कापत होते. रंगवण्यापुरती एक, कोऱ्या दोन, आणि मेणात काही उरलं नाही.

साडेनऊला आठ काचांचा ट्रे मी त्यांच्यापुढे ठेवला. बंडू पाच नंबर.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर हो. तुझ्या थोबाडावर सगळं लिहिलेलं असते."

मी कॉरिडॉरमध्ये, काचेच्या दाराकडे पाठ करून. पाठ करून किती वेळ उभी राहणार? वळून बघायची आणि परत तोंड फिरवायची. त्यांनी आधी वही वाचली. मग एक. दोन. तीन. प्रत्येकीला सातआठ मिनिटं, चिठ्ठी, वेळ. पाचव्या काचेला वीस मिनिटं झाली. त्यांनी ती काढून सहावी लावली. आठवी झाल्यावर पुन्हा पाचवी लावली.

"शोभा!"

आत गेले. आठ चिठ्ठ्या ओळीने मांडलेल्या. चार ग्लिओमा, दोन सूज, एक वेगळीच गाठ. जुन्या सातही रिपोर्टांशी तंतोतंत जुळल्या. पाच नंबरवर लिहिलं होतं, 'ग्लिओमासारखा दिसतो. मन मानत नाही. न्यूरोसायटोमा? तपकिरी रंग लावून पाहावा.'

"पाच कोणाचा?" त्यांनी विचारलं. माझं थोबाडच बोललं असणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

न्यूरोसायटोमा हा शब्द मी तोवर त्यांच्याच तोंडून एकदोनदा ऐकला होता. कुत्र्यात फार म्हणजे फारच क्वचित. दिसायला ग्लिओमाचा जुळा भाऊ. पण ग्लिओमा मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींचा, आणि हा खुद्द चेतापेशींचा. हा बहुधा हळू वाढतो, रेडिएशनला दाद देतो. ओळखायचा एकच मार्ग, एक खास रंग. पेशी तपकिरी झाल्या तर न्यूरोसायटोमा, निळ्याच राहिल्या तर ग्लिओमा. त्याला लागतात चार तास. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

दोन कोऱ्या काचा मी यंत्रात घातल्या. साडेबाराला बघते तर एकीवरचा तुकडा गरम पाण्यात सुटून गेलेला. काच स्वच्छ. मी तशीच रडवेली होऊन सांगायला गेले. मॅडम म्हणाल्या, "एक आहे न? बस झालं. कडेला थोडा निरोगी मेंदू आहे, तो तपकिरी झाला म्हणजे रंग लागला. पुढचं मी पाहते." पण त्यांच्या हातातला चहा तसाच निवला होता.

पावणेतीनला उरलेली काच बाहेर आली. मॅडमनी ती लावली. मी या वेळी बाहेर गेले नाही आणि त्यांनीही घालवलं नाही. डोळा न काढता त्या पुटपुटत होत्या, "धागे तपकिरी असणारच, ते मेंदूचेच. पेशी पाहिजे. पेशी..." काच कणभर सरकवली. मग म्हणाल्या, "पाहा."

मी वाकून बघितलं. एकेक पेशी तपकिरी. ताज्या गुळाचा रंग.

निकाल कळताच एरिकने काकांना तीनदा फोन केला. काकांचा फोन बंद. त्या दिवशी त्यांना कुणाशीच बोलायचं नसणार. एरिकला ऑपरेशन सोडून हलता येत नव्हतं. आमच्यात पॅथॉलॉजिस्ट कधी मालकाला भेटत नाही, तशी रीतच नाही. पण एरिकच म्हणाला, तुम्ही ओळखता ना त्यांना, जा. मी किल्ल्या उचलल्या. मागे वळून बघते तर मॅडम कोट चढवतायत. हातात आठ चिठ्ठ्या, आणि वही.

रस्त्यावर बर्फ, ट्रॅफिक गोगलगाईसारखा. मी हॉर्नवर हात ठेवून शिव्या घालत होते, मॅडम मांडीवरच्या चिठ्ठ्या क्रमाने लावत होत्या. चारला दहा कमी असताना आम्ही पोचलो. दारात अजून कुणाची गाडी नव्हती. देवा, म्हटलं.

काकांनी दार उघडलं. आत कार्पेटवर काकूंचा निळा स्वेटर पसरलेला, त्यावर बंडू. शेजारी वाटीत श्रीखंड, अर्धं चाटलेलं. एरवी कुत्र्याला गोड देऊ नका म्हणून जगाला दटावणारे काका.

"शोभा, आत्ता नको," ते म्हणाले. मग त्यांना मागे मॅडम दिसल्या. त्यांनी ओळखलं. "तुम्ही."

मॅडमनी दारातच, बुटांवरचा बर्फ न झटकता, सांगून टाकलं. ग्लिओमा नाही. न्यूरोसायटोमा आहे. उपचार आहेत.

काका हसले, ते हसू मला बघवलं नाही. "मी चाळीस वर्षं मेंदू बघितलेत. नलिनीच्या वेळी मला दर महिन्याला कुणीतरी नवीन नाव सांगायचं, नवीन आशा लावायचं. चौदा महिने मी तिचे हाल केले. याचे नाही करणार."

"मी आशा नाही लावून राहिली सर. नाव सांगून राहिली."

"आणि तुम्ही मला का सांगताय, तेही माहीत आहे मला," काकांचा आवाज चढला. "गणपतीत मी तुम्हाला बोललो होतो. माझ्यावर राग आहे तुमचा. मला चूक ठरवायचंय."

मला वाटलं, आता मॅडम निघून जाणार. तसं झालं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"राग आहे," मॅडम म्हणाल्या. "अजूनही आहे. म्हणूनच आठ काचा केल्या." आणि त्यांनी आत येऊन जेवणाच्या टेबलावर आठ चिठ्ठ्या मांडल्या. सगळं सांगितलं, पाच नंबर कुणाचा ते लिहिताना माहीत नव्हतं इथपर्यंत. काका एकेक चिठ्ठी उचलून वाचत होते, खालची वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "आणि तुमचं चुकत असेल तर?"

मॅडमनी वही पुढे केली. "इथे अकरा नावं आहेत. चुकलं तर याचं बारावं लिहीन."

काका उभ्या उभ्या वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं. मग बसून वाचायला लागले. तेवढ्यात बंडू उठला, लडबडत आला आणि सरळ मॅडमच्या मांडीला आपलं भलंमोठं डोकं टेकवून उभा राहिला. मॅडम दगड झाल्या. दोन्ही हात हवेत, कपाळावर घाम. पण पाय मागे घेतला नाही.

दाराबाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. काकांनी अकरावं पान संपवलं, वही मिटली. दाराकडे जाताजाता थांबले. "मला माझ्या चुकांची एवढी नावं आठवत नाहीत हो," ते म्हणाले. "आणि गणपतीतलं... ते मी बोलायला नको होतं." मग बाहेर गेले, आणि त्या डॉक्टरला परत पाठवताना मी खिडकीतून बघितलं. पाठ आमच्याकडे होती, खांदे हलत होते.

बंडूला रेडिएशन झालं. काका स्वतः ड्राइव्ह करून न्यायचे. फिट्स थांबल्या. माफी मागितली म्हणून दोघांची मैत्रीबित्री झाली नाही, तसं उगीच सांगणार नाही मी. मॅडम मंडळात पुन्हा कधीच आल्या नाहीत, आणि मीही ओढलं नाही.

पुढे अडीच वर्षं गेली. मॅडम रिटायर होऊन नागपूरला परत जाणार होत्या, शेवटचा आठवडा चालू होता. बंडू एका दुपारी झोपेत गेला, अकरा वर्षांचा होऊन. काका स्वतः हॉस्पिटलमध्ये घेऊन आले आणि म्हणाले, मेंदू तपासा. या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं. सगळं कापलं, रंगवलं, काच त्यांच्यापुढे ठेवली, फॉर्म पालथा, वर नारंगी झाकण, आणि न सांगताच कॉरिडॉरमध्ये जाऊन पाठ करून उभी राहिले.

बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहिलं होतं, 'न्यूरोसायटोमा. उपचारांनी आकसलेला.' त्यांनी झाकण उचललं, फॉर्म उलटा केला. मागच्या वेळी बंडूच्या फॉर्मवर काकांनी दीड पान भरून माहिती लिहिली होती. या वेळी सगळे रकाने कोरे. जात कोरी, वय कोरं, डॉक्टरांचं मत कोरं. खाली फक्त मराठीत, थरथरत्या अक्षरात एक ओळ होती. 'मॅडम, आधी काच बघा. मग सांगा, वहीत बारावं नाव आहे का.'

मॅडमनी मला नाव विचारलं नाही. स्वतःच म्हणाल्या, "बंडू."

मग चिठ्ठी घेऊन त्या उठल्या आणि हॉस्पिटलच्या बाजूने, पुढच्या दाराकडे निघाल्या. त्या दाराने त्यांना जाताना मी कधी बघितलं नव्हतं. मी मागोमाग गेले. वेटिंग रूममध्ये चार कुत्री होती, एक तर चांगलं वासराएवढं. मॅडम पर्स छातीशी धरून त्या चार कुत्र्यांच्या मधून चालत गेल्या. कोपऱ्यात केतकर काका बसले होते, हातात रिकामा पट्टा. मॅडम त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. काकांनी चष्मा पुसून ती वाचली, मग पुन्हा वाचली. वही वर लॅबमध्ये, खणातच राहिली होती.